हाटे गुरुजींचा सर्पिल अभ्यासक्रम

अश्वजित हाटे गुरुजींना कुणाच्या पैशाअडक्याचा हेवा कधी वाटला नाही. धाकट्या भावानं महाडात घरावर मजला चढवला, साडूनं चारचाकी घेतली, तेव्हा गुरुजी पेढा खाऊन, पाठ थोपटून आले आणि गाढ झोपले. त्यांच्या पोटात दुखायचं ते एकाच गोष्टीनं. त्यांच्या देखत दुसऱ्या कुणाला ‘हुशार’ म्हटलेलं त्यांना सोसायचं नाही. मग तो दुसरा कोण, कुठला, केवढा, याचा हिशेब नसे. एकदा एसटीत शेजारच्या बाईनं मांडीवरच्या बाळाला ‘किती हुशार गो माझं सोनं’ म्हटलं, तर गुरुजींनी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं, असं त्यांची बायको सांगायची. ते अगदीच खोटं नव्हतं.

याचं मूळ त्यांच्या बापात होतं. चंदू हाटे महाडच्या एका रसायनाच्या कारखान्यात पिंपं ढकलायचे. हाताची कातडी कायम सोललेली. पोरगा वर्गात दुसरा आला म्हणून उड्या मारत घरी आला, तर बाप जेवता जेवता म्हणाला, “दुसरा आलेला कोणाला दिसत नाय रे. आन आपल्याला आधीच कोण बघत नाय.” एवढंच बोलून त्यांनी आमटी मागितली. पण पोरानं ते वाक्य असं धरलं की पुढं डी.एड.ला पहिला, बी.एड.ला पहिला, नोकरी सांभाळून एम.एड. केलं तिथंही पहिला. आई काशीबाई शेजारणींना सांगायची, “आमच्या अश्वजितला जिना दिसला की चढायचाच.” वर काय आहे ते चढून झाल्यावर बघायचं.

पोलादपूर तालुक्यात, उमरठच्या वरच्या अंगाला, कातळकोंड नावाची वाडी आहे. घरं थोडी, गुरं-शेळ्या जास्त. तिथं बदली झाली तेव्हा पहिल्या दिवशी गुरुजींना पाणी आलं ते वेगळ्या तांब्यातून. गुरुजींनी ते ओळखलं, पाणी प्यायले आणि त्याच आठवड्यात शाळेच्या दारावर आपलं नाव सगळ्या पदव्यांसकट रंगवून घेतलं. पदवी ही त्यांची ढाल होती. पुढं तो तांब्या कधी नाहीसा झाला ते वाडीलाही आठवत नाही. ढाल खाली ठेवायची सवय मात्र गुरुजींना लागली नाही.

त्यांची बायको आम्रपाली. दोघं एकाच अध्यापक विद्यालयातली. तिथं गुरुजी पहिले आणि आम्रपाली मधल्या बाकावरची, खिडकीतून झाडं बघणारी. प्रेम जमायला हे गणित फार सोयीचं पडलं. पुढं तिनं डी.एड.वरच थांबायचं ठरवलं, त्याचं गुरुजींना वाईट वाटलं असं ते सगळ्यांना सांगत. पती-पत्नी एकत्रीकरणात तिचीही बदली कातळकोंडला झाली आणि द्विशिक्षकी शाळेत नवरा-बायकोचा संसार आणखी एकदा सुरू झाला. पहिली-दुसरी तिच्याकडं, तिसरी-चौथी आणि मुख्याध्यापकाचा प्रभार गुरुजींकडं. दोन वर्गांच्या मधली भिंत कौलांपर्यंत पोचत नव्हती. पलीकडचं सगळं अलीकडं ऐकू यायचं, आणि आमच्या गोष्टीतलं निम्मं दुखणं त्या भिंतीचंच आहे.

वाडी त्यांना ‘गुरुजी’ म्हणे आणि तिला ‘बाई’. पोरं तर ‘आमच्या बाई’ म्हणत, जणू बाई वाटून घेता येतात. गुरुजी मात्र शाळेतही तिला ‘ही’ म्हणायचे. ‘हिला विचारा’, ‘हिच्याकडं द्या’. केंद्रप्रमुख उज्वला शेडगे मॅडम एकदा शाळा तपासायला आल्या, तेव्हा त्यांनी टोकलंच, “हाटे सर, घरी काय म्हणायचं ते म्हणा. शाळेत त्या शिक्षिका आहेत. बाई म्हणत जा.” गुरुजी “हो, हो, बरोबर आहे” म्हणाले आणि हिला चहा ठेवायला सांगितला.

त्या वर्षी शाळा उघडल्या त्या नवा हुकूम घेऊनच. प्रत्येक शिक्षकानं आपल्या शाळेच्या परिसराला धरून स्थानिक अभ्यासक्रमाचा एक आराखडा तयार करायचा. ज्याचा आराखडा उजवा ठरेल त्याला अलिबागला, जिल्ह्याच्या अभ्यासक्रम गटात घेणार. तो गट पुस्तिका लिहिणार आणि पुस्तिकेच्या पहिल्या पानावर लिहिणाऱ्यांची नावं छापणार. गुरुजींनी हुकूम वाचला आणि त्यांना ते पान डोळ्यांसमोर दिसायलाच लागलं. बाप आता नव्हता. असता तर म्हणाला असता, आता दिसतंय रे.

गुरुजी कामाला लागले. माणूस हेवेखोर असला तरी कामचुकार नव्हता, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. अभ्यासक्रम रचायच्या साऱ्या तऱ्हा त्यांना पाठ. विषय मधोमध ठेवून रचायचा तो विषयकेंद्री, मुलाची आवड बघून रचायचा तो विद्यार्थीकेंद्री, गावातली एखादी अडचण सोडवता सोडवता शिकायचं तो समस्याकेंद्री. शेवटी पोराला काय यायला हवं ते आधी ठरवून तिथून मागं मागं यायचं, ती उलटी आखणी. आणि सगळ्यांत गुरुजींचा लाडका तो सर्पिल. एकच गोष्ट पहिलीत थोडी शिकवायची, दुसरीत पुन्हा तीच पण जरा खोल, तिसरीत आणखी खोल. गोल फिरत फिरत वर चढायचं. जिना चढणाऱ्या माणसाला हे आवडणारच. त्यांनी पोलादपुरात जाऊन भलाथोरला फ्लेक्स करून आणला. वर ‘सर्पिल अभ्यासक्रम आराखडा’, खाली वेटोळी घेत वर गेलेली रंगीत रेघ, आणि तिच्या टोकाला नाव, पदव्यांसह.

आराखडा शाळा व्यवस्थापन समितीपुढं ठेवावा लागतो. समितीचे अध्यक्ष रायबा, शेळ्यांचे मालक, स्पष्ट ऐकू न येणारे आणि ऐकू आलेलं स्पष्ट बोलणारे. गुरुजींनी शुद्ध पुणेरी भाषेत सर्पिल संकल्पना समजावली. आईबापांनी शांतपणे ऐकलं. मग रायबांनी फ्लेक्सवरच्या वेटोळ्याकडं नीट बघून विचारलं, “गुरुजी, पोरांना साप शिकवणार?”

“साप नव्हे. सर्पिल.”

“त्येच म्हंतो मी. चित्र पन सापाचंच हाय.”

बाया पदराआड हसल्या. गुरुजी तांबडे झाले. “अहो, दरवर्षी तोच विषय पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी मागच्यापेक्षा जास्त कळतो. त्या रचनेला सर्पिल म्हणतात.”

“मंग सापच घ्या ना,” रायबा म्हणाले. “दरसाल येतोच तो. कातळात फुरशी काय कमी हायत? आन येवढी वर्सं येतोय, पन आमाला काय जास्त कळलेलं नाय.”

आता लोक मोकळेपणी हसले. गुरुजींनी घाईघाईनं सह्या घेतल्या आणि सभा आटोपली. वाडीत त्या दिवसापासून ‘सर्पिल गुरुजी’ हे नाव पडलं ते पडलंच. पण सगळे हसत असताना एक माणूस हसलं नव्हतं. आम्रपाली रायबांकडं बघत उभी होती. मधल्या बाकावरून खिडकीबाहेर बघताना दिसायची तशी दिसत होती. गुरुजींनी ते पाहिलं, आणि त्यांना का कोण जाणे, बरं वाटलं नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, “अहो, रायबा म्हणाले ते करून बघू का?”

“त्यांना शब्द कळला नाही म्हणून ते तसं म्हणाले.”

“नसेल कळला. पण गोष्ट बरोबर आहे.”

तिनं करायला घेतलं. तिची करायची रीत अशी की ती आधी काही मांडत नसे, पोरांनाच विचारत बसे. भिंतीपलीकडून गुरुजींना ऐकू यायचं. “चौथी होऊन तू बाहेर पडलास आणि कुणाला साप चावला, तर तुला काय करता यायला हवं?” तिथून ती एकेक पायरी मागं आली. चौथीत प्रथमोपचार: घाबरवायचं नाही, चालवायचं नाही, घट्ट बांधायचं नाही, कापायचं नाही, अंगठी-बांगडी आधी काढायची, चावल्याची वेळ लक्षात ठेवायची, सरळ दवाखान्यात. ते समजायला तिसरीत वाडीचा नकाशा: दगड रचून केलेल्या गडग्यात कोण राहतं, शेतात कोण, गवतात कोण. त्याच्या आधी दुसरीत विषारी कोण, बिनविषारी कोण, त्यांची नावं वाचायची, लिहायची, दोरीनं लांबी मोजायची. आणि अगदी खाली, पहिलीत, एकच धडा. दगडात, लाकडात, पेंढ्यात हात घालायच्या आधी काठीनं ठोकायचं. पहिलीची पोरं ओरडून म्हणायची, “आधी काठी, मग हात!” ते भिंतीवरून उडी मारून गुरुजींच्या भूमितीच्या तासात यायचं. मग गुरुजींचे तिसरी-चौथीवालेही ओठांतल्या ओठांत तेच म्हणायचे. गुरुजी छडी टेबलावर आपटायचे. त्यांच्या लक्षात आलं की आपण काठीच ठोकतोय, आणि ते आणखी चिडले.

तिला तिसरी-चौथीची पोरं शनिवारी शेवटच्या तासाला हवी होती. गुरुजींनी दिली. नाही म्हटलं असतं तर हेवा दिसला असता. एका शनिवारी पोरं साप चावलेला माणूस आणि त्याला नेणारे असं नाटक करत होती. आम्रपालीनं घाम पुसत गुरुजींना विचारलं, “अहो, तुमच्या पुस्तकात याला काही नाव असेल ना? शेवट आधी ठरवायचा आणि मागं मागं यायचं, असं करतात त्याला?”

नाव गुरुजींच्या जिभेवर होतं. परीक्षेत त्यावर त्यांनी उत्तर लिहिलं होतं आणि वर्गात सर्वांत जास्त गुण मिळवले होते. तिला नाव दिलं तर तिचं काम शास्त्रात बसणार, हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं.

“त्याला काही म्हणत नाहीत,” गुरुजी म्हणाले. “असंच असतं ते.”

“बरं,” ती म्हणाली आणि पोरांकडं वळली.

गणपती झाल्यावर पोलादपूरला केंद्राची शिक्षण परिषद भरली. आराखडे मांडायचे होते. हाटे सर पहिले बोलायला उठले. पडद्यावर वेटोळी फिरली, मोठमोठे शब्द आले, शेवटी टाळ्या झाल्या. त्या भाषणासाठी होत्या की दारात आलेल्या चहासाठी, ते नक्की सांगता येणार नाही. मग आम्रपाली उभी राहिली. तिच्याकडं पडदा नव्हता. ती म्हणाली, “माझ्या शाळेतून चौथी होऊन गेलेलं पोर, साप चावलेल्या माणसाला जिवंत दवाखान्यात पोचवील. मला एवढंच पाहिजे. तिथून मी खाली पहिलीपर्यंत आले.” आणि तिनं सगळं सांगितलं, रायबांच्या चुकीसकट. तेव्हाही लोक हसले, पण वेगळं हसले. कशेडी घाटाच्या अंगाच्या शाळेतले एक सर उठून म्हणाले, “बाई, हे मला आजच द्या. गेल्या पावसात आमची एक मुलगी भगताकडं नेता नेता गेली.” मग चहा गार झाला तरी कुणी उठलं नाही.

उज्वला मॅडमनी तिथंच सांगून टाकलं, अलिबागसाठी नाव आम्रपाली बाईंचं. जिल्ह्याचं पथक एकदा शाळा बघून जाईल. फक्त शाळा द्विशिक्षकी, बाई आठवड्यातले काही दिवस गेल्या तर वर्ग सांभाळायला मुख्याध्यापकाची संमती लागेल. सगळ्यांनी हाटे सरांकडं बघितलं. सरांनी चेहरा आनंदी ठेवला. त्याला इतके कष्ट पडले की गाल दुखायला लागले.

“बघतो,” ते म्हणाले.

त्या एका ‘बघतो’वर पुढले कितीतरी दिवस गेले. गुरुजी आतून जळत होते, आणि त्या जळण्याला घरातच सरपण मिळत होतं. सर्पिल हा शब्द कुणी आणला? मी. सभा कुणी बोलावली? मी. रायबा चुकले ते कुणाच्या फ्लेक्समुळं? माझ्या. मी वारूळ बांधलं आणि ही आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली. पोलादपूरच्या स्टँडवर चहावाल्यानं पैसे घेताना विचारलं, “तुम्ही त्या सापवाल्या बाईंचे मिस्टर ना?” गुरुजींनी सुटे पैसे तसेच टेबलावर ठेवले आणि निघून आले. आजवर तालुक्यात लोक तिला ‘हाटे सरांची मिसेस’ म्हणून ओळखायचे. त्यात त्यांना काही चूक कधी दिसली नव्हती.

वाईट हे होतं की तिच्यावर त्यांचा राग नव्हता. राग असता तर भांडून मोकळं होता आलं असतं. ती भाकरी थापताना गुणगुणायची, तेव्हा त्यांना ती पूर्वीइतकीच आवडायची. आणि तरीही, ती उद्या सकाळी उठून म्हणाली की मला नाही जायचं, तर आपल्याला किती हलकं वाटेल, हा विचार त्यांच्या मनातून जात नसे. त्या विचाराची त्यांना लाज वाटायची. मग लाजेचाही राग यायचा. शेवटी त्यांनी एक वाक्य तयार केलं, ‘पोरांचं नुकसान होता कामा नये, शाळा आधी.’ ते आरशासमोर बोलून बघितलं. चांगलं वाटलं. अगदी खरं वाटलं.

आम्रपालीनं एकदाच विषय काढला. “तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही जायची. पण नाही म्हणा तरी. बघतो म्हणू नका.”

“पथक येऊन जाऊ दे,” गुरुजी म्हणाले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पथक यायचं ठरलं. त्या सकाळी शाळा सारवून, रांगोळी घालून तयार होती. भिंतीवर पोरांनी काढलेली चित्रं लावलेली: नाग, मण्यार, घोणस, फुरसं एका रांगेत, धामण, दिवड, नानेटी दुसऱ्या. गुरुजी त्यांच्यासमोर उभे राहिले. एकाही चित्राखाली त्यांचं नाव नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. पण त्यांना वाटलं, निदान शब्द कुणाचा होता ते पथकाला कळायला नको का? आणि त्यांना फ्लेक्स आठवला. सभेनंतर तो गुंडाळून स्वयंपाकाच्या शेडमागं, गडग्याच्या खाचेत खुपसलेला होता. गाडी येण्याआधी तो दारावर टांगायचा, त्या चित्रांच्या वर.

बयाबाई शेडमध्ये खिचडी शिजवत होती. ती म्हणाली, “गुरुजी, काय पायजे? मी देते.” गुरुजी म्हणाले, “काही नाही,” आणि मागं गेले. फ्लेक्सचं टोक दगडांतून दिसत होतं. त्यांनी सरळ आत हात घातला.

करवत घासल्यासारखा आवाज आला आणि बोटाला काटा रुतावा तसं झालं. हात बाहेर काढला तर उजव्या हाताच्या अंगठीच्या बोटावर रक्ताचे थेंब होते. दगडावर वीतभर लांबीचं, मातकट रंगाचं काहीतरी वेटोळं घालून, अंगाला अंग घासत बसलं होतं. फ्लेक्सवरच्या रेघेसारखं.

गुरुजी ओरडले. पोरं धावली. सगळ्यांत पुढं पहिलीतलं एक चिमुरडं होतं. ते गुरुजींच्या रिकाम्या हातांकडं बघून अगदी मनापासून म्हणालं, “गुरुजी, काठी कुठाय?”

गुरुजींना तेव्हा ऐकू येत नव्हतं. एम.एड. झालेल्या माणसानं काय करावं? त्यांनी फ्लेक्सची नायलॉनची दोरी ओढून दंडावर आवळायला घेतली, बयाबाईकडं विळी मागितली आणि एकीकडं मोटारसायकलकडं पळायला लागले. बयाबाई म्हणाली, “भगताला सांगावा धाडू का?” इतक्यात चौथीतली तन्वी वाट अडवून उभी राहिली.

“धावू नका गुरुजी. खाली बसा. ती दोरी सोडा.”

“मला शिकवतेस?”

“होय गुरुजी,” तन्वी म्हणाली. “चौथीचं हाय ह्ये.”

ती खरंच न डगमगता उभी होती. तिचा चेहरा नाटकातल्यासारखाच होता, फक्त आता नाटक नव्हतं. गुरुजी बसले. कुणी दोरी सोडली, कुणी घड्याळ बघून वेळ मोठ्यानं सांगितली, कुणी रायबांच्या पिकअपसाठी पळालं. आम्रपाली आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडलेला होता. तिनं आधी लांबूनच सापाचा फोटो घेतला, पोरांना मागं सारलं, मग गुरुजींचा हात मांडीवर घेतला आणि बोटातली अंगठी काढली. लग्नातली. बोट सुजायला लागलं होतं, थोडा उशीर झाला असता तर ती निघाली नसती. गुरुजींच्या टेबलावरची लाकडी पट्टी हाताखाली ठेवून तिनं ओढणीनं सैल बांधली.

“हलवू नका,” ती म्हणाली.

शेळ्या उतरवून पिकअप आला. रायबा मागं बसले, गुरुजींचं डोकं मांडीवर घेऊन. सगळ्या वाटेत ते एवढंच बोलले, “फुरसं हाय गुरुजी. येळेत पोचलं की मानूस वाचतो. आमच्या नातीनं सांगितलंय.” तन्वी त्यांची नात. घाटाच्या वळणांवर गुरुजी डोळे मिटून पडले होते. त्यांना मरणाची भीती वाटत होती. आणि त्या भीतीच्याही खाली, तळाशी, एक विचार होता, लिहायलाही लाज वाटावी असा: आता आपला हातसुद्धा हिच्या आराखड्यात जाणार.

पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात रक्त काचेच्या नळीत घेऊन ते गोठतंय का बघितलं. गोठत नव्हतं. लस लावली. बाटलीमागून बाटली गेली. हात कोपरापर्यंत सुजून भोपळा झाला, हिरड्यांतून रक्त आलं, ओकाऱ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी रक्त गोठायला लागलं. डॉक्टरीणबाई आल्या, हात वळवून बघितला आणि म्हणाल्या, “धोका टळला. बोटही राहील.”

खाटेशी उज्वला मॅडम उभ्या होत्या. पथकानं शाळा न बघताच आदल्या दिवशी दवाखान्याची वाट धरली होती, पिकअपमागोमाग. आता त्यातले एक साहेब आणि त्या पुन्हा आल्या होत्या. रायबा दारात. आम्रपाली खिडकीपाशी, मुठीत अंगठी, ओढणी नसलेला गळा.

डॉक्टरीणबाई कागद भरता भरता म्हणाल्या, “इतकी वर्षं मी साप चावलेली माणसं बघतेय. कुणी कापून आणतं, कुणी दोरीनं हात काळानिळा करून आणतं, निम्मी तर भगताकडून येतात. तुमच्याकडं अंगठी काढलेली, हात पट्टीवर, वेळ लक्षात ठेवलेली, सापाचा फोटो. त्या लहानग्या मुलांना हे कुणी शिकवलं?” आणि मग त्यांच्याच काहीतरी लक्षात आलं. दारावरच्या पाटीसारखं गुरुजींचं सगळं नाव कागदावर होतं. “तुम्ही मुख्याध्यापक ना? एम.एड.? म्हणजे तुम्हीच.”

मॅडमना ठाऊक होतं, पण त्या साहेबांसमोर आजारी माणसाला कशाला खोडतील? आम्रपालीनं तर खिडकीबाहेर तोंड फिरवलं. ती त्यांना वाट करून देत होती. त्यांना ते कळलं, आणि बोटापेक्षा तेच जास्त ठणकलं. एक ‘हो’ म्हणायचा होता. एवढंच काय, नुसतं गप्प राहिलं तरी चालणार होतं. बीळ तयार होतं, आयतं. त्यांना एकदम आठवलं, आपण ती म्हण कुणाला लावली होती.

“आमच्या बाईंनी,” गुरुजी म्हणाले.

“कोण?”

“आमच्या बाईंनी शिकवलं.” जीभ जड झाली होती, शब्द पहिलीतल्या पोरासारखे निघाले. त्यांनी डाव्या हातानं खिडकीकडं दाखवलं. “त्या काय, आमच्या बाई.”

दारात रायबांनी मान डोलावली, हे बरोबर आहे अशी. गुरुजींना हलकंबिलकं काही वाटलं नाही, हे सांगायला हवं. उलट साहेब वळून आम्रपालीला नमस्कार करायला लागले तेव्हा त्यांच्या पोटात जुनं ओळखीचं दुखलंच. फुरशाच्या विषावर लस असते, त्या दुसऱ्या विषावर पोलादपुरात काय, अलिबागलाही नाही. पण दुखत असतानाच ते उज्वला मॅडमना म्हणाले, “बाईंना सोमवारपासून सोडतो. वर्ग मी बघतो चारही.”

मॅडम आणि साहेब गेल्यावर आम्रपाली खाटेवर येऊन बसली. अंगठी तिनं त्यांच्या डाव्या हाताच्या करंगळीत घालून बघितली, बसेना, मग आपल्याच बोटात ठेवून दिली.

“तू केलंस ना ते,” गुरुजी छताकडं बघत म्हणाले, “शेवट आधी ठरवून मागं यायचं. त्याला उलटी आखणी म्हणतात. अलिबागला विचारतील, तेव्हा सांग.”

आम्रपालीनं त्यांच्याकडं बघितलं. “मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही म्हणालात, त्याला काही म्हणत नाहीत.”

“तेव्हाही म्हणायचे,” गुरुजी म्हणाले.